टायर रिम सोडत नाहीये, काय करू? (वाचकांचे प्रश्न)

पाऊस उघडला की पडवीत, शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर निघतात आणि आमच्याकडे टायरचे प्रश्न यायला लागतात. यावेळी तर जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलंय, घरी टायर काढायला बसलो आणि तो रिममधून निघतच नाही. म्हणून मायलेज, बॅटरीवाल्यांना पुढच्या वेळी घेतो, आज फक्त टायर.

प्रश्न: काका, माझी २००९ ची स्प्लेंडर आहे, तारांच्या चाकांची. लॉकडाऊनपासून पडवीतच उभी होती, मागचा टायर पार बसलेला. आता मुलगा कॉलेजला जायला लागला म्हणून चालू करायला घेतली. चाक काढलं, वॉल्व्हमधली पिन काढली, हवा शून्य, पण टायर रिम सोडायला तयार नाही. वर उभं राहून उड्या मारल्या, हातोडा मारला, दोन स्क्रूड्रायव्हर घुसवले तर त्यातला एक वाकला. गावात पंक्चरवाला नाही, चाक एसटीत टाकून दापोलीला न्यावं लागतं. घरी जमेल का?
(एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर: जमेल, नक्की जमेल, पण आधी ते स्क्रूड्रायव्हर उचलून पेटीत ठेवा. त्याच्या कडा धारदार असतात, टायरच्या कडेचं रबर फाटतं आणि आतली ट्यूब तर हमखास कापली जाते.

टायर काढणं हे एक काम नाही, दोन आहेत, आणि बहुतेक जण ती दोन्ही एकदम करायला जातात आणि तिथेच अडकतात. पहिलं काम म्हणजे टायरची कड रिमला जिथे चिकटून बसलीय तिथून सुटी करायची. दुसरं म्हणजे ती सुटलेली कड रिमच्या काठावरून बाहेर घ्यायची. तुमचं पहिलंच झालेलं नाही आणि तुम्ही स्क्रूड्रायव्हर घालून दुसरं करायला गेलात, मग तो वाकणारच हो.

आता हे नीट समजून घ्या कारण खाली सगळ्यांना मी हेच सांगणार आहे. टायरच्या कडेच्या आत पोलादी तारांचं कडं असतं, त्याला बीड म्हणतात. हे कडं ताणलं जात नाही, दोन माणसांनी जोर लावला तरी नाही. आणि रिमचा काठ त्या कड्यापेक्षा व्यासाने साधारण अडीच-तीन सेंटिमीटर मोठा असतो. मग लहान कडं मोठ्या काठावरून बाहेर येणार कसं? तर रिमच्या मधोमध एक खोलगट जागा असते, आपल्या छपराच्या पन्हळीसारखी गोल फिरलेली. टायरची एक बाजू त्या पन्हळीत ढकलली की तेवढी ढिलाई समोरच्या बाजूला मिळते आणि तिथून कड आरामात काठावर येते. १८९० साली लंडनच्या चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेत तार घातलेला टायर आणि मधे खोलगट असलेली रिम याचं पेटंट घेतलं, म्हणजे डनलॉप यांनी हवेचा टायर आणल्यावर दोनच वर्षांनी, आणि आज तुमच्या स्प्लेंडरचं चाकही त्याच तत्त्वावर चालतं. मी पंचवीस वर्षं गॅरेजमध्ये काढली, हाताखाली बरीच पोरं शिकली, आणि ज्याला ही पन्हळ कळली त्याने नंतर कधी टायरशी कुस्ती केली नाही.

बरं, तुमचा टायर एवढा का चिकटलाय ते सांगतो. तुमच्याकडे खारी हवा, त्यात रिम लोखंडी, वरून क्रोम. ट्यूबच्या चाकात वॉल्व्हच्या भोकातून आणि तारांच्या निपलांमधून, म्हणजे तारा रिमला धरणाऱ्या छोट्या नटांमधून, पाणी आत जातं आणि तिथेच साचून राहतं. क्रोमखालचं लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि टायरच्या कडेला आतून धरून ठेवतो. कोणी पूर्वी ट्यूबमध्ये पंक्चरचं लिक्विड टाकलं असेल आणि ते बाहेर झिरपून सुकलं असेल तर ते तर डिंकच झालेलं असतं. गाडी बसल्या टायरवर उभी राहिली की वजनाने कड अजून दाबली जाते ते वेगळंच.

तर पहिल्या दिवशी जोर लावूच नका. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात चांगलं दाट कालवा, चाक आडवं ठेवा आणि टायर न् रिमच्या फटीत गोल फिरवून ओता, वीस मिनिटांनी पुन्हा ओता, मग उलटं करून दुसऱ्या बाजूने तसंच. रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात अंगणात तासभर ठेवा. थंड रबर लाकडासारखं असतं आणि तापलेलं रबर वळतं, यात खूप फरक पडतो. ऊन नसेल तर टायरच्या बाजूवर कढत पाणी ओता, चालतं. पण स्टोव्ह, शेगडी, गॅसची टॉर्च असलं काही जवळ आणू नका.

मग सुटं करायचं. चाक जुन्या टायरवर नाहीतर गोणपाटावर आडवं ठेवा म्हणजे आतला ड्रम, एक्सलची जागा जमिनीला टेकत नाही. उड्या मारून काही होत नाही कारण उडीचं वजन टायरच्या मधल्या रबरावर पडतं आणि रबर ते खाऊन टाकतं. दाब पडला पाहिजे तो अगदी रिमच्या काठाला लागून, बोटभर अंतरावर, आणि सावकाश पण सतत. घरात दुसरी मोटरसायकल असेल तर सगळ्यात सोपं, तुमचं चाक तिच्या डाव्या बाजूला आडवं ठेवा, तिचं साइड स्टँड टायरच्या बाजूवर रिमच्या काठाला चिकटून टेकवा, मधे लाकडाची छोटी फळी ठेवा, आणि गाडी हळूहळू स्टँडवर कलवा. एकाने गाडी धरायचीच, एकट्याने करू नका, गाडी घसरली तर पायावर येते. पाच-दहा सेकंद दाबून ठेवायचं, मग चाक चार बोटं फिरवायचं, पुन्हा. पहिली दोन-तीन ठिकाणं काहीच होणार नाही, वाटेल हे काही खरं नाही, पण धीर धरा, एका जागी सुटलं की फटीत लगेच साबणाचं पाणी घाला आणि पुढचं भराभर सुटतं.

दुसरी गाडी नसेल तर वासा वापरा. पाच-सहा फुटांचा मजबूत वासा घ्या, त्याचं एक टोक जीपच्या टो हुकखाली नाहीतर कशा जड वस्तूखाली अडकवा, टायरवर रिमलगत लाकडाचा ठोकळा उभा ठेवा, वासा त्या ठोकळ्यावरून जाऊ द्या आणि मोकळ्या टोकावर वजन टाका. तुमच्या एकट्याच्या वजनात पाच माणसांचं काम होतं. ठोकळा रिमवर नको, रबरावरच, आणि त्याची खालची कड पॉलिश पेपरने गोल करून घ्या. दोन्ही बाजू सुटायला हव्यात, एकच सुटी करून थांबू नका.

आता दुसरं काम. टायर लिव्हर, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या, दोन, शक्यतो तीन, फूटभर लांबीचे, टोकं गोल केलेले. वॉल्व्हचा नट पूर्ण काढा. वॉल्व्ह जिथे आहे तिथे ट्यूबचा देठ पन्हळीत उभा असतो म्हणून तिथे कड पन्हळीत जाऊ शकत नाही. त्यामुळे गुडघे टेकायचे ते वॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला, तिथली कड दाबून पन्हळीत उतरवायची आणि तशीच दाबून ठेवायची. लिव्हर वॉल्व्हच्या बाजूने लावायचे, पण अगदी देठाजवळ नको, चार-पाच बोटं सरकून, कारण देठाजवळ ट्यूब कापली गेली तर तिथे पॅच टिकत नाही. लिव्हरचं टोक फक्त कडेखाली जाईल एवढंच घाला. एक लिव्हर उलटवला की तो गुडघ्याखाली धरा, तीन बोटं सोडून दुसरा, मग तिसरा, मग मधला काढून पुढे. थोडी थोडी कड घ्यायची, एकदम वीतभर घ्यायला जाऊ नका.

आणि हे वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहिण्यासारखं आहे: लिव्हरला दोन्ही हातांचा जोर लागायला लागला की थांबा आणि समोरची बाजू बघा, ती पन्हळीतून वर सरकलेली असते. तिला पुन्हा खाली दाबा, साबण घाला, मग लिव्हर एका हाताने वळतो.

एक कड बाहेर आली की ट्यूब ओढून काढा. दुसरी कड काढायला चाक उभं करा, वरच्या बाजूला लिव्हर मागून घाला आणि रिम पुढे ढकला, टायर सोलल्यासारखा निघतो. मग रिम बघा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ करून रेड ऑक्साइडचा हात द्या, पूर्ण वाळू द्या. तारांची टोकं निपलच्या वर आली असतील तर कानशीने घासा. आतली रबरी रिम टेप नवीनच घाला, फार पैशांची नसते. टायरच्या बाजूवर चार आकडे एकत्र असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे २३१२ असेल तर २०१२ सालचा तेविसावा आठवडा. तुमच्या टायरवर असलं काही निघालं तर वरचे दात कितीही चांगले दिसोत, तो पुन्हा चढवू नका, मुलगा चालवणार आहे.

प्रश्न: दादा, पल्सर आहे, अ‍ॅलॉय व्हील, ट्यूबलेस. मागचा टायर घरीच बदलायचा म्हणून लिव्हर ऑनलाइन मागवले. साबण लावला, ऊन दाखवलं, साइड स्टँडची युक्ती पण केली, एक इंच दबतो आणि सोडलं की परत जागेवर. नवीन गाडी आहे, गंज वगैरे काही नाही. मग का नाही सुटत?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: कारण ट्यूबलेसच्या रिमला, कड जिथे बसते तिच्या आतल्या अंगाला एक बारीक उंचवटा असतो. पंक्चर झाला तरी कड एकदम घसरून आत पडू नये, माणूस पडू नये म्हणून तो मुद्दाम दिलाय. तुमच्या रिमवर मापाच्या मधे एमटी अशी रोमन अक्षरं कोरलेली असतील, ती या प्रकारच्या रिमची खूण. म्हणजे तुम्हाला कड नुसती दाबायची नाही, तो उंचवटा ओलांडून पलीकडे टाकायची आहे. ती ओलांडते तेव्हा फट्ट असा आवाज येतो, घाबरू नका, तेच हवंय.

याला सी क्लॅम्प, म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा, स्क्रूने आवळायचा शिकंजा, चांगला. फॅब्रिकेशनवाल्याकडे मोठा असतो, आठ इंची, एका दुपारीपुरता मागून आणा. चाकाच्या दोन्ही बाजूंनी, रिमच्या काठाला लागून, लाकडाचे दोन तुकडे ठेवा आणि क्लॅम्प आवळा. दोन्ही कडा एकमेकींकडे दाबल्या जातात. आवळून लगेच सोडू नका, दोन मिनिटं तसाच ठेवा, रबर हळूहळू हार मानतं. साइड स्टँडने तुमचं परत जागेवर येत होतं ते यामुळेच, दाब पुरेसा होता पण वेळ कमी होता. एक जागा पलीकडे पडली की क्लॅम्प तिथेच ठेवून तिच्या शेजारी पायाने दाबा, एक एक वीत करत फिरा. घरात बेंच वाइस असेल तर तोही चालतो, फक्त जबड्यात लाकूड घाला.

अ‍ॅलॉयला दोन गोष्टी जपायच्या. एक म्हणजे डिस्क. चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर ठेवून वर दाब दिला की डिस्क वाकते, ब्रेक मारल्यावर ब्रेकचा लिव्हर थरथरतो आणि मग कळतं. जुन्या कारच्या टायरवर चाक ठेवा म्हणजे डिस्क पोकळीत अधांतरी राहते, किंवा सरळ डिस्क खोलून ठेवा. दुसरी म्हणजे ओरखडे. वरच्या काठावर आला तर दिसायला वाईट, पण आत कड बसते तिथे खोल ओरखडा गेला तर हवा रोज थोडी थोडी जाणार आणि पंक्चर कुठे सापडणार नाही. बागेच्या पाण्याच्या पाइपचे वीतभर तुकडे उभे चिरून काठावर बसवा आणि त्यावरून लिव्हर चालवा. इंजिन ऑइलच्या रिकाम्या कॅनचं प्लास्टिक कापून घेतलं तरी काम होतं.

ट्यूबलेसमध्ये ट्यूब नाही, त्यामुळे कापली जायची भीती नाही एवढा फायदा. पण वॉल्व्ह रबरी असतो आणि टायर बदलताना तोही बदलून टाका, नवीन टायर चढवून मग वॉल्व्ह चिरला तर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

प्रश्न: काका, मी स्वतः माझ्या गाडीचा टायर बदलला, मैत्रिणींना फोटो पण पाठवले, आणि हवा भरली तर अर्ध्या तासात खाली. ट्यूब नवीन होती. दुसरी नवीन ट्यूब आणली, पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो ट्यूब चांगली आहे, तुम्हीच काहीतरी केलं. दोन्ही ट्यूबना शेजारी शेजारी दोन बारीक भोकं आहेत.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, आधी शाबास, टायर काढून चढवलात म्हणजे अवघड भाग जमलाय. साप चावल्यासारखी ती दोन भोकं लिव्हरची आहेत, ट्यूब लिव्हर आणि रिमच्या मधे सापडली. मी शिकत होतो तेव्हा एका संध्याकाळी तीन ट्यूबा अशाच घालवल्या होत्या, वस्ताद बाजूला बसून बघत होते, तिसरी गेल्यावर त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की ट्यूब पूर्ण रिकामी ठेवू नकोस.

रिकामी ट्यूब चपटी होऊन लोळते आणि नेमकी कडेखाली येते. म्हणून घालायच्या आधी तिच्यात थोडी हवा भरा, फक्त गोल आकार धरेल इतकी, फुगायला नको. टाल्कम पावडर, म्हणजे आपलं शंखजिरंच, ट्यूबला आणि टायरच्या आत चोळा, मग ती सरकते, अडकत नाही. वॉल्व्ह भोकात घालून नट दोन-तीन आटेच लावा, आवळू नका. चढवायला सुरुवात वॉल्व्हच्या समोरून करा आणि शेवट वॉल्व्हपाशी, वर सांगितलेलं कारण इथेही तेच, शेवटचा तुकडा घट्ट जातो तेव्हा समोरची कड पन्हळीत हवी. शेवटच्या तुकड्याच्या आधी वॉल्व्ह बोटाने आत ढकला म्हणजे ट्यूब कडेच्या वर उचलली जाते. शेवटचा तुकडा लिव्हर न लावता नुसत्या हाताच्या तळव्याने आणि साबणाने गेला तर उत्तमच. लिव्हर लावलाच तर उभा झाल्यावर पुढे ढकलू नका, ती भोकं तिथेच पडतात.

मग थोडी हवा भरा, सगळी सोडा, पुन्हा भरा. त्याने आतल्या घड्या निघतात. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, एका ठिकाणी आत गेलेली असेल तर तिथे कड बसलेली नाही, हवा सोडून, साबण लावून पुन्हा. आणि बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते बघा, हे चढवायच्या आधी बघायचं असतं पण आताही उशीर झालेला नाही.

प्रश्न: टायर सुटायला डिझेल किंवा जळकं ऑइल टाकलं तर चालेल का? आमच्याकडे ट्रॅक्टरला सगळे तेच टाकतात.
(एक वाचक, बार्शी)

उत्तर: नको. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, आणि ते सुकत नाही. साबणाचं पाणी सुकून जातं आणि कड रिमला पुन्हा घट्ट धरते. ऑइल राहिलं तर जोरात ब्रेक मारल्यावर रिम थांबते आणि टायर तिच्यावरून पुढे सरकतो, ट्यूब असेल तर वॉल्व्हचा देठ तिथेच उपटतो. मागच्या चाकाला एक वेळ सावरता येईल, पुढच्या चाकाला नाही. फेकून द्यायचा टायर असला तरी रिमवर ऑइल उरतंच, मग ती सोड्याने धुवत बसा.

प्रश्न: वडिलांची बजाज चेतक आहे, त्यांच्या आठवणीसाठी चालू ठेवली आहे. टायर बदलायचा आहे. लिव्हरने काढायचा का? कोणी म्हणतं रिमच खोलते.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तुमचं ऐकलेलं बरोबर आहे, चेतकची रिम दोन भागांची असते, नटांनी जोडलेली. लिव्हर लागतच नाही. पण वर मोटरसायकलवाल्यांना मी जेवढ्या निवांतपणे सांगितलं तेवढ्या निवांतपणे तुम्हाला नाही सांगणार, नीट वाचा.

या चाकाला नटांचे दोन वेगळे संच आहेत. एका संचाने चाक ड्रमला बसतं, दुसऱ्या संचाने रिमचे दोन अर्धे भाग एकमेकांना धरतात. आत हवा असताना कोणी चुकून दुसरा संच ढिला केला तर हवेच्या दाबाने रिमचे भाग फाकतात आणि धातू तोंडावर येतो. म्हणून चाक गाडीवर असतानाच वॉल्व्हची पिन पूर्ण काढा, हवा गेली तरी पिन परत लावू नका, टायर हाताने दाबून बघा, मगच बाकीचं. कोणते नट कोणते याचा आधी फोटो काढून ठेवा. स्टेपनी बदलताना पण तेच, ती वर्षानुवर्षं भरलेली पडून असते.

नट काढल्यावरही दोन भाग वेगळे होत नसतील तर ते गंजाने धरलेत. इथे मात्र गंज सोडवायचं तेल वापरा, पण थेंब थेंब, फक्त स्टडवर आणि जोडावर, टायरला लागू देऊ नका. मग टायरची कड दोन्ही बाजूंनी टाचेने दाबून सुटी करा आणि लाकडी हातोडीने रिमला गोल फिरत हलके ठोके द्या, एकाच जागी नको. जोडताना ट्यूब दोन भागांच्या मधे चिमटत नाही ना ते बघा, त्यासाठी हिच्यातही थोडी हवा भरून घ्या, आणि नट एक सोडून एक असे आवळा. आटे झिजलेला एकही नट पुन्हा वापरू नका.

प्रश्न: सर, टायर काढला, नवीन ट्यूबलेस चढवला पण, आता हवाच धरत नाही, पंप मारला की सगळी बाजूने निघून जाते. व्हिडिओत बघितलं की टायरमध्ये स्प्रे मारून काडी लावतात आणि एका झटक्यात बसतो. करू का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: अजिबात करू नका. ती भडक्याची युक्ती आहे, आत किती वायू साठला हे तुम्हाला मोजता येत नाही. कमी झाला तर काही होत नाही म्हणून माणूस दुसऱ्यांदा जास्त मारतो आणि टायर फुटतो, किंवा कडेचं रबर आतून जळतं आणि ते बाहेरून दिसत नाही. व्हिडिओत ज्यांचा हात भाजला ते व्हिडिओ टाकत नाहीत.

तुमचा टायर दुकानात घडी करून किंवा एकावर एक रचून ठेवलेला असेल, म्हणून कडा आत दबल्यात. उन्हात ठेवा, मधे लाकडाचा ठोकळा घालून कडा फाकवून दोन तास राहू द्या. मग चढवून कडांना साबण लावा. टायरच्या बाहेरच्या घेराला, बरोबर मधोमध, सामान बांधायचा पट्टा नाहीतर काथ्याची जाड दोरी बांधा आणि त्यात दांडकं घालून पीळ द्या. घेर आवळला की कडा बाहेर फाकून रिमला टेकतात. वॉल्व्हमधली पिन काढा म्हणजे हवा एकदम शिरेल. पायाच्या पंपाने बहुतेक वेळा जमत नाही, चाक तसंच दोरी बांधलेलं पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरवर न्या, त्यात काही कमीपणा नाही. कडांनी हवा धरली की दोरी लगेच सोडा. मग ठक्, ठक् असे दोन आवाज येतील, प्रत्येक बाजूचा एक. बोटं कडेजवळ नेऊ नका. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जायचं नाही, बहुतेक टायरवर कड बसवायला ४० पीएसआयपर्यंत असं असतं. तेवढ्यात नाही बसला तर हवा सोडा, पुन्हा साबण, पुन्हा प्रयत्न. दाब वाढवत जाणं हा उपाय नाही.

प्रश्न: जुनी बुलेट घेतली, १९ इंची चाकं, टायर किती वर्षांचा माहीत नाही पण लाकूड झालाय. साबण, ऊन, वासा, क्लॅम्प, सगळं आठवडाभर करून झालं. एक बाजू सुटली, दुसरी हलत नाही. कापून टाकू का? रिम वाचवायची आहे, मूळची आहे.
(एक वाचक, यवतमाळ)

उत्तर: टायर फेकायचाच असेल तर कापा, अशा वेळी तेच शहाणपणाचं आहे. पण ग्राइंडर लावू नका, रबराचा काळा धूर होतो, ठिणग्या उडतात आणि पातं एकदा घसरलं की तुमची मूळची रिम कापली जाते. आधी सुटलेल्या बाजूने ट्यूब ओढून काढा. मग टायरची बाजू, कडेपासून दोन बोटं वर, धारदार सुरीने गोल कापत जा, सुरीला सारखं साबणाचं पाणी लावायचं म्हणजे ती रबरात अडकत नाही, हातात जाड मोजे घाला आणि सुरी अंगाकडे ओढू नका. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मधला मोठा पट्टा निघून गेला की फक्त दोन कडा रिमवर उरतात आणि आता त्यांना टायरचं रबर आधार देत नाही, त्यामुळे पुष्कळदा त्या नुसत्या दाबानेच सुटतात. सुटली नाही तर एका ठिकाणी कडेखाली लोखंडी पट्टीचा तुकडा सरकवा आणि हॅकसॉने वरून कड कापा. रबर लगेच कापलं जातं, तारेला वेळ लागतो, एक एक तार तुटताना जाणवते. डोळ्याला चष्मा लावा कारण तुटलेली टोकं उडतात. खालच्या पट्टीमुळे करवत रिमपर्यंत पोचत नाही.

कड तुटली की पक्कडीने टोक धरून सोलत जा, गंजाचे पापुद्रे सोबत येतील. रिम मोकळी झाली की तारेच्या ब्रशने घासून आतल्या पन्हळीचे आणि निपलांच्या भोकांचे जवळून फोटो काढून मला पाठवा, तिथे गंज किती खोल गेलाय ते बघून रिम ठेवायची की बदलायची ते पुढच्या अंकात सांगतो. तोवर नवीन टायर घेऊन ठेवू नका.